हात आहे

३ फेब्रुवारी

ताई,

फोन करत नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. पण फोन कानाला लावला की आत कुणीतरी नळ सोडून ठेवल्यासारखा आवाज येतो आणि त्यात तुझं बोलणं वाहून जातं. डॉक्टर म्हणतात, होईल कमी. तोवर पत्र. शाळा सुटल्यापासून मी एवढं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुला ती खोड आहे.

मी घरी आलो. पाय जुळला, बरगड्या जुळल्या, डोक्याचे टाके निघाले. एवढ्या उंचावरून पडून एवढ्यावर निभावलं म्हणून दवाखान्यातल्या सगळ्यांना नवल वाटत होतं. परांचीच्या एका फळीचा क्लॅम्प दुसऱ्या टोळीने काढून नेला आणि सांगायचं राहून गेलं, एवढंच झालं. आम्ही परांची बांधणारे, गवंड्यांना आणि रंगाऱ्यांना उभं राहायला जागा करून देणारे. त्या दिवशी माझीच जागा कुणी काढून नेली. हसू आलं तर हस, मला येतं.

घर मात्र बदललंय. सकाळी डोळे उघडले की समोरचं कपाट हळूच डावीकडे निघतं. जात कुठेच नाही, पण निघतं. मी रोखून पाहिलं की थांबतं, आणि मग खिडकी निघते, तू शिवलेल्या निळ्या पडद्यासकट. अंथरुणाखाली पाणी आहे आणि आम्ही सगळे, मी, ही, गॅसवरची किटली, दाराला टांगलेली छत्री, कुठेतरी सावकाश चाललोय असं वाटतं. ही काही बोलते ते त्या पाण्यावरून येतं. भीती नाही वाटत. खरं सांगू का, जरा बरंच वाटतं. इतकी वर्षं सकाळी उठून धावलो, आता घरच मला घेऊन चाललंय.

खिडकीतून आमची इमारत दिसते. मी नाही तरी वाढतेच आहे. क्रेन दिवसभर आकाशात इतकी हळू फिरते की ती फिरते की आपण, ते कळत नाही.

परवा मुकादम आले होते, सफरचंदं घेऊन. बसले, चहा घेतला. मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेलो. जिन्यातला दिवा गेलाय. अंधारात पहिल्या पायरीवर माझा काय तोल गेला कुणास ठाऊक, पण त्यांनी झटकन दंड धरला आणि म्हणाले, "हात आहे." तुला हे माहीत नसेल. आमच्यात परांचीवरून शेवटचा माणूस उतरतो तेव्हा खालचा एक जण उभ्या नळीला तळवा लावून उभा राहतो आणि म्हणतो, हात आहे. वरच्याला खरं तर त्या हाताची गरज नसते. पण ते ऐकल्याशिवाय कुणी शेवटचा पाय खाली टाकत नाही. मला हे काम मुकादमांनीच शिकवलं, त्यामुळे अंधारातसुद्धा तो आवाज ओळखीचा वाटला.

दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं. आता पुढच्या महिन्यात कामावर ये म्हणतात. जाईन. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
माकड

११ फेब्रुवारी

माकडा,

तुझं पत्र आलं आणि दुकानात जत्रा भरली. भावोजींनी ते चष्मा लावून मोठ्याने वाचलं, आणि जिथे तू माझ्या खोडीबद्दल लिहिलंस तिथे थांबून माझ्याकडे दोनदा पाहिलं. चुका मी काढल्या नाहीत. मोजल्या फक्त.

इथे मी मखमलीत बुडालेय. नाट्यगृहाच्या पडद्याचं काम मिळालंय. एवढा मोठा पडदा मी जन्मात शिवला नव्हता. दुकानात मावेना म्हणून अर्धा घरी पसरलाय, गडद लाल. स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर त्याच्यावरून चालत यावं लागतं, आणि पाय आत जातात. भावोजी कालपासून मोजे घालून फिरताहेत. त्यावर बसून मी दिवसभर दुमडीला टाके घालते आणि संध्याकाळी मान वर केली की सगळं जग लाल दिसतं. तेव्हा तुझं ते तरंगणारं घर वाचून मला आधी गंमत वाटली.

मग मी पत्र पुन्हा वाचलं. तुझ्या ओळी बघ. सगळ्या उजवीकडे खाली घसरल्यात. कपाट निघतं, खिडकी निघते, पाण्यावरून आवाज येतात, आणि वर बरंच वाटतं. असं बोलणारा माणूस आपण दोघांनी लहानपणी रोज संध्याकाळी दारात उभा पाहिलाय. त्यालाही बरंच वाटायचं. तेव्हा मी सरळ विचारते, आडून नाही. ढोसतोस का?

खोटं लिहू नकोस. तुझं खोटं मला अक्षरावरून कळतं.

ताई

२० मार्च

ताईंना नमस्कार,

हे दुपारचे झोपलेत म्हणून लिहिते आहे. मी लिहिलंय हे त्यांना सांगू नका, आणि सांगितलंत तरी चालेल, माझं डोकं आता त्याच्या पलीकडे गेलंय.

हे थेंबभरही घेत नाहीत. तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. उत्तर लिहायला बसायचे आणि फाडायचे. वडिलांशी कुणी तुलना केली की यांचं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मध्यंतरी हे कामावर गेले होते. मी म्हणत होते थांबा, पण डबा मागितला, मी दिला. दुपारीच परत आले आणि म्हणाले, आज काम लवकर संपलं. खरं काय ते मला टोळीतल्या एकाच्या बायकोने सांगितलं. पहिल्याच मजल्याच्या फळीवर चढले, वर बघायला मान वळवली आणि नळीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. कुणी हाक मारली तरी सुटेनात. शेवटी मुकादम स्वतः वर गेले आणि त्यांना कवेत घेऊन उतरवलं. त्यानंतर कंपनीकडून कळवलं गेलं की माणूस बरा झालेला असून काम करायला नकार देतो. पगार बंद केलाय.

आणखी एक लिहिते, ते हे कधीच सांगणार नाहीत. यांना तोंड धुता येत नाही. साबण लावून डोळे मिटले की जागच्या जागी कलंडतात. त्यात एकदा भुवई फुटली, दाढी करताना लागलं म्हणाले. भुवईला कोण दाढी करतं, ताई? आता एक हात भिंतीला टेकून, एक डोळा उघडा ठेवून धुतात. डोळ्यात साबण जातो, लाल होतात. शेजारचे बघतात आणि त्यांनाही तुमच्यासारखंच वाटतं. झोपताना दिवा मालवू देत नाहीत.

दिवसा मात्र खिडकीत बसून हसतात. कुठे आलो बघ, म्हणतात, जणू गाडीत बसलोय. मला ते हसणं बघवत नाही.

तुमची,
धाकटी

२६ मार्च

माकडा,

धाकटीला ओरडू नकोस. तिने लिहिलं म्हणून कळलं. माझी जीभ तुला माहीत आहे, मी मागे असते आणि ती पुढे पळते. जे विचारलं ते मी परत घेते. रडलेसुद्धा, मखमलीवर, आणि मखमलीवर पाणी पडलं की डाग राहतो, तेव्हा त्याचं पापही तुझ्याच माथी.

आता नीट ऐक. नकार कसला? तुझा क्लॅम्प काढून नेणारे ते, तू पडलास त्यांच्या फळीवरून, डोकं आपटलं तुझं, काम गेलं तुझं, आणि वर नकार तू दिलास? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. वकील कर. भरपाईचा दावा लाव. लाज वाटते म्हणशील. कशाची लाज? भीक नाही मागत आपण. ज्या उंचीवर ते स्वतः चढणार नाहीत तिथे तुला चढवलं, त्याचं देणं आहे ते.

भावोजींच्या ओळखीत तुमच्या शहरातल्या एक वकीलबाई आहेत. फक्त कामगारांची प्रकरणं घेतात. पत्ता मागे लिहिलाय. धाकटीला बरोबर घेऊन जा, आणि तिथे तुझा तो हसरा चेहरा घरी ठेवून जा.

ताई

१९ जून

ताई,

उशीर झाला. लिहिताना ओळीकडे फार वेळ बघितलं की ओळ चालू लागते, म्हणून थोडं थोडं लिहितो.

वकीलबाई भेटल्या. त्यांच्या कचेरीत फायलींमध्ये एक मांजर झोपलेलं असतं आणि त्याला उठवायचं नाही असा नियम आहे. हवी ती फाईल मांजराखाली असली तर त्या दुसऱ्याच अशिलाचं काम आधी घेतात. मला बाई आवडल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हाड मोडलं तर फोटोत दिसतं, हात गेला तर न्यायाधीशाला दिसतो, तुमचं जे गेलंय ते कानाच्या आत गेलंय आणि तुम्ही तर बाहेरून अगदी नवरदेव दिसता. दावा लागलाय. जिंकलो तर आयुष्यभराची भरपाई. हरलो तर खोली सोडायची, ही माहेरी आणि मी तुझ्या दारात. हे मी हिला अजून स्पष्ट बोललो नाही, पण तिने कपाटावरच्या दोन्ही पेट्या खाली काढून पुसून ठेवल्यात.

दाव्याचं ऐकल्यापासून मुकादम येत नाहीत. रस्त्यात दिसले, तर त्यांनी पलीकडची बाजू धरली. कंपनीने साक्षीला त्यांचंच नाव दिलंय. त्यांची नोकरी आहे, घर आहे, मी समजू शकतो. पण त्या दिवशी चहा मला कडू लागला.

आता चांगली बातमी. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. मोठी स्वच्छ खोली, फरशीवर पांढरी रेघ. म्हणाले, या रेघेवरून चाला. ताई, मी बघितलं आणि रेघच चालू लागली. पण समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर लांब कुठल्या तरी साइटवरच्या क्रेनचा थांबलेला हूक. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, पायाकडे बघायचं नाही. लांबचं, न हलणारं काहीतरी नजरेने धरायचं आणि त्याला धरून चालायचं. मी हूक धरला आणि निघालो. ती खोली गेली, डॉक्टर गेले, मी पुन्हा वर होतो, खाली सगळं शहर झोपल्यासारखं, गालाला वारा. एक पाऊल इकडे तिकडे नाही. टोकाला जाऊन वळलो, दाराची कडी नजरेने धरली आणि परत आलो. डॉक्टर म्हणाले, वा. इतक्या महिन्यांनी कुणीतरी मला वा म्हणालं.

वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. दाखल्यात लिहून आलंय, पूर्ण बरा, कामास योग्य. मला कळलंय मी काय करून बसलो ते. पण डुलणाऱ्याला आमच्यात कुणी वर घेत नाही, ताई. रेघ समोर आली आणि पाय आपोआप सरळ पडले.

तुझा

२५ जून

अरे माकडा माकडा,

काय करू तुझं? तुला सुळावर चढवायला नेलं असतं तरी तू त्यांना सूळ नीट रोवून दाखवला असतास. भावोजी म्हणतात, त्याला रागावू नकोस. मी रागावले नाही, दोनदा पत्र लिहून फेकलं, हे तिसरं.

ऐक. धाकटीने लिहिलं होतं, तोंड धुताना डोळे मिटलेस की पडतोस. तू स्वतः लिहिलं होतंस, जिन्यातला दिवा गेलेला आणि तोल गेला. आणि आता हूक धरून चाललास. म्हणजे तुला तुझे डोळे धरून ठेवताहेत, बाकी कुणी नाही. मी लगेच भावोजींना मखमलीच्या मधोमध उभं केलं आणि डोळे मिटा म्हटलं. पडले नाहीत. नुसते उभे राहून चहा कधी होणार ते विचारत राहिले. धडधाकट माणूस असाच उभा राहतो. हे तुझ्या वकीलबाईंना जसंच्या तसं सांग. न्यायाधीशांसमोर त्याला रेघेवर चालवू नका म्हणावं, डोळे मिटून उभा करा.

तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. लहानपणी तू झाडावर चढलास की मी खाली उभी राहून ओरडायचे, पडू नकोस, पडू नकोस. जन्मभर तेच सांगत आले. आता सांगते, पड. सगळ्यांसमोर पड. माझ्यासाठी पड.

ताई

२ सप्टेंबर

ताई,

वकीलबाईंना सांगितलं. त्या ताडकन उठल्या, मांजरही उठलं. म्हणाल्या, दुसऱ्या डॉक्टरांकडून हीच तपासणी मागू. मागितली. कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली, की एकदा तपासणी झाली, पुन्हा पुन्हा किती करायची. तेव्हा आता न्यायाधीशांसमोरच काय ते दाखवायचं, असं बाईंचं म्हणणं आहे. महिनाअखेरची तारीख पडलीय.

मी नाही म्हणालो.

रागावू नकोस. मला रोज एकच स्वप्न पडतं. मी परांचीच्या शेवटच्या टप्प्यावर आहे, सगळे उतरून गेलेत, इमारत पांढऱ्या धुक्यात बुडालीय आणि खाली जमीन दिसत नाही. नुसतं पांढरं, तुझ्या मखमलीसारखं मऊ. मी एक पाय खाली सोडतो आणि थांबतो. वाट बघतो की खालून कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणत नाही. पाय तसाच लोंबकळत राहतो, आणि मी जागा होतो तेव्हा खरोखरच पाय पलंगाबाहेर असतो आणि हिने तो धरलेला असतो.

पडायची भीती नाही ग. एकदा पडून झालंय. पण त्या दिवशी समोर मुकादम असतील, टोळीतले असतील, ज्यांच्यापुढे मी वाऱ्यात उभ्या नळीवर चढून दाखवलंय. त्यांच्यासमोर सपाट फरशीवर, कुणी ढकललेलं नसताना, बाळासारखं कलंडायचं. आणि मुकादम शपथेवर सांगणार की हे नाटक आहे. ते तोंडाने म्हणाले तर मला सहन होणार नाही. त्यापेक्षा खोली सोडू.

तुझा

८ सप्टेंबर

माकडा,

मी आले असते, पण पडदा त्याच आठवड्यात टांगायचाय आणि माझ्याशिवाय त्याला हात लावायला मी कुणाला देणार नाही. तेव्हा हे पत्र खिशात ठेव.

तुला लाज वाटते ना, वाटू दे. लाज धरूनच जा. पण धाकटी पेट्या पुसून तयार ठेवते आणि तरी तोंडाने चकार शब्द काढत नाही, झोपेत तुझा लोंबकळणारा पाय धरून बसते, तिला माहेरी पाठवून तू माझ्या दारात आलास तर मी दार उघडीन, पण तुझ्याशी बोलणार नाही. हे मी मनापासून लिहितेय.

आणि त्या स्वप्नाचं म्हणशील तर त्या दिवशी सकाळपासून मी इथे काहीही करत असेन, सुई ओवत असेन, चहा ढवळत असेन, मधूनमधून म्हणत राहीन, हात आहे. भावोजी वेडी म्हणतील. म्हणू देत. तू डोळे मीट. मी म्हणतेच आहे असं समज.

ताई

१७ ऑक्टोबर

ताई,

निकाल काल लागला. तो शेवटी सांगतो, कारण तू आधी शेवट वाचतेस हे मला माहीत आहे. वाचून ये, मी थांबतो.

त्या दिवशी न्यायालयाची खोली लहान निघाली. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. चार बाकं, एक पंखा, भिंतीला ओल. पंखा फिरत होता आणि त्याबरोबर सगळी खोली, आणि मी न्यायाधीशांच्या चष्म्याची दांडी नजरेने धरून बसलो होतो. ही माझ्या मागे. टोळीतले तिघं आलेले, मान खाली घालून.

मुकादमांना उभं केलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, याला चक्कर येताना तुम्ही कधी पाहिलंत का? ते म्हणाले, नाही. परांचीवर घाबरला होता का? म्हणाले, काम करायचं मनात नव्हतं त्याच्या. आवाज त्यांचाच होता पण कुणी दुसऱ्याने वापरायला घेतल्यासारखा. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं आता उठावं आणि घरी जावं.

मग वकीलबाईंनी न्यायाधीशांना विनंती केली, की यांना इथे मधे येऊन फक्त उभं राहू द्या, पाय जुळवून, डोळे मिटून. कंपनीचा वकील काहीतरी बोलू लागला, पण न्यायाधीश म्हणाले, उभं राहायला काय हरकत आहे? मी मागे हिच्याकडे पाहिलं. तुझं पत्र खिशात होतं. मी मधे जाऊन उभा राहिलो. साक्ष देऊन झालेले मुकादम बाजूला होते, दोन हातांवर. मी चष्म्याची दांडी सोडली आणि डोळे मिटले.

ताई, आत सगळं पांढरं होतं. ते स्वप्नातलंच. फरशी सावकाश वितळत गेली आणि मी वाट बघत राहिलो. मनात म्हटलं, ताई म्हणत असेल. आणि खरंच ऐकू आलं.

"हात आहे."

तू नव्हतीस. मुकादम होते. माझ्या दंडाला त्यांचे दोन्ही हात लागलेले, आणि ते लागल्यावर मी पडलो, आधी नाही. सगळा भार त्यांच्या अंगावर गेला. त्यांनी मला खाली टेकू दिलं नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा माझ्याइतकाच दचकलेला होता. आपण काय केलं ते त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

न्यायाधीश पुढे वाकले आणि म्हणाले, "हा अजून डुललासुद्धा नव्हता. तुम्ही आधीच का धावलात?"

मुकादमांनी आधी कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं. माझा दंड सोडला नव्हता. मग म्हणाले, "साहेब, अंधार झाला की हा पडतो."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"घरी भेटायला गेलो होतो, जिन्यात दिवा नव्हता, तेव्हापासून."

पुढचं त्यांनी न विचारताच सांगितलं, फळीचा क्लॅम्प, नळीला मारलेली मिठी, सगळं, आणि आता आवाज त्यांचा स्वतःचा होता. टोळीतला एक जण रडत होता. न्यायाधीशांनी दुसऱ्या डॉक्टरांची तपासणी लावली. ते कानाचे डॉक्टर. त्यांनी मला खुर्चीत बसवून डोळ्यांपुढे दिवे नाचवले आणि लिहून दिलं की आतला तोल गेला आहे आणि तो परत यायचा नाही. मला वाटलं होतं हे ऐकून मी कोसळेन. पण कुणीतरी खरं लिहिलं म्हणून बरं वाटलं.

काल दावा मंजूर झाला. आयुष्यभराची भरपाई. ही बाहेर येऊन बाकावर बसली आणि चप्पल काढून नुसती पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, पेट्या परत वर ठेवायला मला जमणार नाही, मुकादमांना सांगा. मुकादमांना कंपनीने काढलं, ताई. काल संध्याकाळीच आले, सफरचंदं घेऊन. पेट्या त्यांनीच वर चढवल्या. दुसऱ्या साइटवर कामाचं बघताहेत. मिळेल, त्यांच्यासारखा बांधणारा दुसरा नाही.

आज सकाळी मी साबण लावून दोन्ही डोळे मिटून तोंड धुतलं. हिने पाठीवर तळवा ठेवला होता. घर तरंगत होतंच, ते आता तरंगायचंच. पण पाणी कोमट होतं आणि मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

तुझा पडदा टांगला ना? पहिल्या खेळाला आम्ही दोघं येतोय, भावोजींना सांग. पुढची रांग मिळाली तर बघ. मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी तिथे दिवे मालवतात असं ऐकलंय. तेव्हा माझ्या एका बाजूला ही बसेल. दुसरी बाजू मी तुझ्यासाठी धरून ठेवतो.

तुझा,
माकड